पाचोळ्याची बेगमी

खताच्या दृष्टीने पाहिलं तर इंदुरातली पानगळ अगदी अडनिड्या वेळी होते. विलायतेतल्या बागकामाच्या व्हिडिओंमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळतात. ती मुळातच दमट असतात, वरून पाऊस चालू असतो. मंडळी ती तारेच्या पिंजऱ्यात दाबून भरतात आणि विसरून जातात. वर्ष-दोन वर्षांनी पिंजरा उघडला की आत काळंभोर, भुसभुशीत लीफ मोल्ड, म्हणजे पानांचं खत, तयार. आपल्याकडे झाडं पौष-माघात पानं टाकायला लागतात ती थेट चैत्रापर्यंत टाकत राहतात, आणि पान जमिनीवर पडतं न पडतं तोच माळव्याचा उन्हाळा येऊन उभा राहतो. पारा चाळिशीच्या वर, दुपारी लू, हवेत दमटपणा नावालाही नाही. पान कुजायला ओल लागते आणि नेमकी तीच पुढचे तीन-चार महिने मिळत नाही. मग पान नुसतं वाळतं. चुरा होऊन उडून जातं, नाहीतर वाळवीच्या पोटात जातं, आणि बहुतेक वेळा सकाळच्या कचरागाडीत जातं.

त्यामुळे इथे पानांचं खत करायचं म्हणजे फाल्गुनात पडलेलं पान मृगाच्या पावसापर्यंत घरात टिकवून धरायचं. मुख्य काम एवढंच. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात पापड-कुरडया घातल्या, हळद-तिखट दळून बरण्या भरल्या, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. गच्चीवर सांडगे वाळत असतात त्याच दिवसांत आमच्या मागच्या बोळात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत पानं भरून ठेवलेली असतात. दोन्ही पावसाळ्याचीच बेगमी. फक्त सांडग्यांना कोणी नावं ठेवत नाही.

आमची गल्ली राजेंद्रनगरातली, जुनी. ज्याला जे आवडलं ते झाड त्याने त्या काळी लावलं, त्यामुळे पाचोळाही मिश्र मिळतो. आमच्या फाटकासमोर कडुनिंब, शेजारच्या वहिनींकडे देशी बदाम, कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी पिंपळ, पलीकडच्या घरात गुलमोहर. वरवर पाहता सगळा एकच कचरा. पण पोत्यात भरायला लागलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघते.

गुलमोहराचं पान झाडूला दाद देत नाही. इवल्या इवल्या पर्णिका फरशीच्या फटीत, पायपुसण्यात, अगदी चपलेच्या अंगठ्यातसुद्धा जाऊन बसतात. कुजायला मात्र सगळ्यांत पुढे. एक पावसाळा त्यांना पुरतो. त्यांचे लांब वाळके देठ तेवढे चाळणीत वर उरतात, ते पुढच्या पोत्याच्या तळाला टाकायचे, खालून हवा खेळती राहते. कडुनिंब आपला कारभार पंधरा-वीस दिवसांत उरकतो. पाडव्याच्या आधी झाड जवळजवळ मोकळं झालेलं असतं आणि पाडव्याला पुन्हा तांबूस पालवी, म्हणून तर गूळ-निंबासाठी कोवळा पाला हाताशी मिळतो. कडुनिंबाच्या पानांनी गांडुळं मरतात असं मला बऱ्याच जणांनी बजावलंय. पान पुरतं कुजलं की त्यातला कडवटपणाही संपतो. आमच्या पोत्यांत गांडुळं चांगली गुण्यागोविंदाने नांदतात.

देशी बदामाचं पान मात्र जपून हाताळावं लागतं. पान वीतभर लांब, जाड, चामड्यासारखं चिवट. गळायच्या आधी असं लालभडक होतं की खाली पडलेलं उचलून बघावंसं वाटतं. पण ही पानं पोत्यात तशीच भरली की एकावर एक थापून बसतात, मधून ना हवा जात ना पाणी. पावसाळा संपल्यावर वरची पानं काळी पडलेली आणि मधली कोरडी ठणठणीत, असं होतं. शिवाय यात टॅनिन, म्हणजे तुरट रंगद्रव्य, भरपूर. पाणी घातलं की पोत्याच्या भोकांतून तपकिरी ओघळ येतात आणि फरशीवर डाग पडतो. मासे पाळणारे लोक हीच पानं त्या टॅनिनसाठी काचेच्या टाकीत घालतात, आणि त्यासाठी ती विकत घेतात. वहिनींना हे सांगितल्यापासून त्यांचा बदामाकडे बघण्याचा दृष्टिकोन बराच सुधारलाय.

आंब्याचं पानही असंच, वर मेणाचा थर असल्याने सावकाश कुजणारं. निलगिरीचं मी घेतच नाही. बांबूच्या पानात वाळूतली सिलिका असते, त्याचं वेगळं पोतं करून वेगळंच विसरून जावं.

पिंपळाबद्दल जरा थांबून सांगते. लहानपणी पिंपळाचं पान पाण्यात ठेवून, हिरवा गर कुजू देऊन, उरलेली जाळी वहीत जपायचा उद्योग आपल्यातल्या बहुतेकांनी केलेला आहे. ती जाळी म्हणजे पानांच्या खताचा सगळा मामला एका कागदावर मांडून दाखवल्यासारखं आहे. मऊ भाग झटकन गेला, कारण तो खाणारे जिवाणू जागोजाग असतात. शिरा राहिल्या, कारण त्यांत लिग्निन आहे. लाकडाला जे ताठ ठेवतं तेच हे द्रव्य, आणि ते पचवणं भल्याभल्यांना जमत नाही. ते जमतं मुख्यतः बुरशीला, त्यातही पांढऱ्या कुजीच्या बुरशांना. आपण वहीत जिथे थांबलो होतो, तिथून पुढे बुरशीचं काम सुरू होतं. मागच्या श्रावणात एक पोतं उघडलं तेव्हा पिंपळाचं एक पान हातात आलं. त्याची अर्धी जाळी शाबूत होती आणि उरलेल्या अर्ध्यावर पांढऱ्या तंतूंची दुसरी जाळी चढलेली होती. दोन्ही इतक्या नाजूक की कुठली पानाची आणि कुठली बुरशीची हे भिंगाशिवाय सांगता आलं नसतं. बोटाने दाबलं तर दोन्ही एकदमच विरघळल्या.

हा बुरशीचा कारभार थंडपणे चालतो. शेणाच्या खताचा ढीग कसा आतून तापतो, सकाळी उकरला तर वाफ येते, तसं इथे काही होत नाही. वारंवार उलथापालथही करायची नसते, कारण प्रत्येक वेळी ते तंतू तुटतात आणि बुरशीला पुन्हा पहिल्यापासून जाळं विणावं लागतं. आमच्या नातेवाइकांत खताची हौस असलेले जे काका आहेत त्यांना हे पटत नाही. काही तरी ढवळल्याशिवाय, गुळाचं पाणी, ताक, कल्चर असं काही तरी शिंपडल्याशिवाय आपण काही केलं असं त्यांना वाटतच नाही. ताक घातलं म्हणून बिघडत नाही, पण नाही घातलं म्हणूनही काही अडत नाही. पाणी, सावली आणि धीर पुरतो.

गंमत अशी, की कंपोस्ट म्हटल्यावर जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना आमचंच गाव आठवतं आणि गावाला त्याचा पत्ता नसतो. इंदूर म्हणजे पोहे-जलेबी, सराफा आणि स्वच्छतेतला पहिला नंबर, इथपर्यंत आमची ओळख. पण १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, होळकर दरबाराने तिला जमीन दिली आणि अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तिचा प्रमुख झाला. आजचं कृषी महाविद्यालय ते हेच. संस्था मूळची कापसासाठी. गावात कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते, तेव्हा कापूस सुधारायचा हा हेतू सरळ होता. हॉवर्डचं लक्ष मात्र कापसाकडून जमिनीकडे वळलं. शेतातला काडीकचरा, गोठ्यातलं शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, खड्डा दोन-तीन फुटांहून खोल न्यायचा नाही, तीन वेळा उलथायचं आणि तीन महिन्यांत खत काढायचं. ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ मध्ये त्यावरचं पुस्तक लंडनहून निघालं तेव्हा हॉवर्डच्या बरोबरीने दुसरं नाव छापलेलं होतं यशवंत वाड यांचं. संस्थेतले ते रसायनतज्ज्ञ, आडनावावरून तरी आपल्यातलेच. हॉवर्डचं नाव गुगलवर ढिगाने सापडतं. वाडांबद्दल मात्र इंदूरच्या मराठी मंडळींच्या तोंडूनही कधी ऐकलं नाही. गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालांना एवढे विषय लागतात, हा एक घ्यायला काय हरकत आहे? १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजी ही खताची कामं बघायला मुद्दाम त्या संस्थेत गेले होते. आपण स्कूटरवरून तिच्या कुंपणापाशी रोज जातो.

आता खरं सांगायचं तर इंदूर पद्धत आणि पानांचं खत यांचं गोत्र वेगळं. तिथे शेण हवं, उष्णता हवी, उलथणं हवं. हॉवर्डचा हिशेब एका भाग नत्राला (नायट्रोजन) ३३ भाग कर्ब (कार्बन) असा होता. सुक्या पानात कर्ब याच्या कितीतरी वर असतो. म्हणूनच नुसत्या पानांचा ढीग तापत नाही आणि म्हणूनच त्याला वेळ लागतो. पण हॉवर्डच्या नोंदींतली एक युक्ती मी उचललेली आहे. कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या त्याला फार छळायच्या, त्या कुजता कुजत नसत. मग त्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायच्या. आमच्याकडे बैलगाडी नाही, पण मुलाची गाडी आहे. बदामाची पानं वाळून कडकडीत झाली की फाटकाच्या आत, गाडी उभी राहते तिथे पसरायची. दिवसातून चार वेळा ती आत-बाहेर होते. तीन दिवसांत पानांचे असे तुकडे होतात की पोत्यात दुप्पट मावतात आणि थापून बसत नाहीत. पानं दळायची विजेची यंत्रं मिळतात, किंमत विचारून मी परत आले.

पान गळतं तेव्हा ते जवळपास रिकामं असतं, हे लक्षात घेतलं की या खताकडून काय मागायचं तेही कळतं. झाड काही उधळ्या नाही. देठाशी गाठ सुटण्याआधी ते पानातलं निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद फांदीत परत ओढून घेतं. हिरवं पिवळं होतं ते त्याच आवराआवरीत. आपल्या हाती येतो तो मुख्यतः कर्ब, थोडा चुना, थोडी इतर खनिजं. तेव्हा पानांच्या खताने टोमॅटो लगडतील, गुलाब बशीएवढा होईल अशी आशा धरू नये. त्यासाठी शेणखत आहे, पेंड आहे. पानांच्या खताचं काम पाणी धरून ठेवण्याचं आणि माती सैल करण्याचं. चांगलं कुजलेलं खत स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं आणि लागेल तसं मुळांना सोडतं.

आणि माळव्याच्या मातीला नेमकं हेच हवं असतं. ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ असं इथे अभिमानाने म्हणतात. शेतात ते खरंही असेल. कुंडीत मात्र ही काळी गहन गंभीर माती जीव खाते. ओली झाली की चिकट गोळा, वाळली की दगड. हिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुंडीत ती कडेपासून सुटते, आपण वरून पाणी घालतो आणि ते मातीला न भिजवता कडेकडेने खाली जाऊन बशीत जमतं. नर्सरीवाले यावर कोकोपीट देतात. म्हणजे नारळाची सालं दक्षिणेच्या किनाऱ्यावर कुटून, विटा करून, ट्रकने इंदुरात आणायच्या, आणि त्याच सकाळी आपल्या फाटकासमोरची पानं गाडीत घालून बाहेर पाठवायची. एवढा आतबट्ट्याचा व्यवहार माहेरी कोकणात कोणी केला असता तर आजीने घरात घेतलं नसतं.

आजीच्या परसात पातेरा कधी वाया गेला नाही. आंब्या-काजूखालची पानं गोळा करून गोठ्यात गुरांच्या खाली जायची, नाहीतर भाताच्या रोपवाटिकेत राबासाठी. पेरणीआधी वाफ्यावर शेण, फांद्या, पातेरा पसरून जाळायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. लहानपणी तो धूर मला फार आवडायचा. आज इंदुरात कुणी पानांचा ढीग पेटवला तर मी खिडकी लावून घेते. राबाला त्या पद्धतीत काही कारण तरी होतं. रस्त्याकडेला पेटवलेल्या ढिगाला काहीच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड ठेवला. आमच्या गावात तेव्हापासून धूर कमी झाला, हे मान्य करायला हवं.

गावाच्या स्वच्छतेबद्दल मी वाकडं बोलणार नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं आलं ते उगीच नाही. आमच्या लहान जाऊबाई दुसऱ्या राज्यातून येतात तेव्हा रस्त्यावर रॅपर टाकताना त्यांचा हात आपोआप मागे येतो. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा जो प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, त्याची क्षमता रोज ५५० टनांची आहे. खरकटं, भाजीची देठं, सालं तिकडे जावीत, उत्तमच. पण स्वच्छतेची सवय अंगी मुरली की एक वेगळीच गोष्ट होते. जे जे खाली पडलेलं आहे ते सगळं कचरा दिसू लागतं, आणि कचरा म्हणजे घराबाहेर, हे समीकरण पक्कं होतं. कचरागाडीवरचा मुलगा मला रोज विचारतो, “आंटी, पत्ते नहीं देने?” मी म्हणते, “नहीं भैया.” तो म्हणतो, “सब देते हैं.” त्याच्या आवाजात काळजी असते. आमच्या घराचे मार्क कमी होतील की काय अशी.

खरं तर २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलेलं होतं, की बागेतला कचरा घरमालकाने आपल्याच आवारात वेगळा साठवावा. हे मी कॉलनीच्या बैठकीत एकदा वाचून दाखवलं. कॉलनीतल्या एका पदाधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं, की नियम ठीक आहे पण पोती ‘दिसतात’ वाईट. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पोती फाटकाजवळून उचलून मागच्या बोळात नेली. सावलीही तिथेच जास्त आहे, तेव्हा त्यांचे उपकारच म्हणायचे.

आता पोत्यांबद्दल. इथल्या हवेत तारेच्या जाळीचा पिंजरा चालत नाही. पुस्तकात तो शोभून दिसतो, पण आपला उन्हाळा चारही बाजूंनी त्यातली ओल शोषून घेतो आणि मे महिन्यात आत नुसता खडखडाट. गोणपाट स्वतःच कुजून जातं. सिमेंटचं विणलेलं प्लास्टिकचं पोतं सगळ्यांत बरं, गल्लीत कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, मागितलं की मिळतं. आतून झटकून, धुऊन घ्यायचं. खाली आणि बाजूंना खिळा तापवून भोकं पाडायची. पानं भरण्याआधी भिजवायची, ही यातली खरी किल्ली. कोरडी पानं भरून वरून कितीही पाणी ओतलं तरी ते पानांवरून घरंगळत खाली जातं. टबात किंवा जुन्या बादलीत पानं रात्रभर बुडवून ठेवावी, वर दगड ठेवावा, सकाळी निथळून पोत्यात दाबावी. मूठभर पानं पिळली तर थेंब-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. अधेमधे मूठ-मूठ जुनं खत किंवा झाडाखालची माती टाकली की बुरशीचं विरजण आपोआप लागतं. मग तोंड बांधायचं आणि पोतं आडवं करून सावलीत सरकवायचं.

विणलेल्या प्लास्टिकमुळे ओल बरीच टिकते. तरी एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा हात घालून बघते, कोरडं वाटलं तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालते. नळाचं पाणी घालायला मन धजत नाही. सत्तर किलोमीटरवरच्या, नर्मदाकाठच्या जलूदहून डोंगर चढवून आणलेली नर्मदा, तीही दिवसाआड. तिला पाचोळ्यावर ओतणं बरं दिसत नाही. पोती भिंतीला टेकवून मात्र ठेवू नयेत आणि लाकडी चौकटीजवळ तर मुळीच नाही. कोरड्या पानांवर वाळवी हमखास येते. ओली असली की तिचा जोर कमी होतो, पण भरवसा ठेवू नये. खाली दोन विटा घातल्या की झालं.

मान्सून इंदुरात यायला जूनचा मध्य उलटतो, कधी त्याहूनही उशीर. पहिला बरा पाऊस झाला की पोत्यांची तोंडं सोडायची आणि त्यांना पावसात ओढायचं. वर्षभरातलं सगळ्यांत जड काम हे, यासाठी मुलाला घरी असावं लागतं. इथे सगळा मिळून साधारण हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेवढ्यात पानांचं जे व्हायचं ते होतं. आषाढात पांढरे तंतू दिसू लागतात. श्रावणात पोतं बसायला लागतं, आत्ताआत्तापर्यंत तोंडापर्यंत भरलेलं अर्ध्यावर येतं. भाद्रपदात वास बदलतो. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच वास, कारण करणारेही तेच. ॲक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचं वासाचं द्रव्य तयार करतात आणि आपल्या नाकाला ते अगदी कणभर असलं तरी कळतं.

या दिवसांत पोत्यात पाहुणे फार. पैसा किडे तर पसाभर निघतात. बोट लावलं की गोल गुंडाळी करून बसणारे हे तांबडे-काळे किडे कुजकी पानं खाऊनच जगतात, त्यामुळे ते आपल्या कामाचे. ते न्हाणीघरात शिरले की सुनेचा आरडाओरडा होतो, तेवढं सहन करायचं. गोम मात्र वेगळी, ती चावते, म्हणून हातमोजे घालूनच हात घालावा. कधी कधी अंगठ्याएवढी पांढरी, वाकडी अळी सापडते. ती भुंगेऱ्याची. मेलेली पानं खाणारी आहे की जिवंत मुळं खाणारी हुमणी, हे मला बघून ओळखता येत नाही, म्हणून मी ती भिंतीवर ठेवते. साळुंक्या तिथेच वाट बघत असतात आणि त्यांना ओळख पटवून घ्यायची गरज पडत नाही.

दिवाळीची साफसफाई झाली की चाळायचं. गवंडी वाळू चाळतात ती तारेची चाळण, ती नसेल तर फळांचा प्लास्टिकचा क्रेट. गुलमोहर-कडुनिंबाचं पोतं तोवर तयार असतं. बदाम-आंब्याला बहुतेक दुसरा पावसाळा दाखवावा लागतो. जे चाळणीतून पडतं ते बी पेरायला, रोपं लावायला. काळ्या मातीच्या कुंडीत एक तृतीयांश मिसळलं तरी फरक कळतो, पाणी वर तळं करून थांबत नाही, सरळ आत जातं. नेचे, बिगोनिया, अँथुरियम यांना ते फार मानवतं. नर्सरीवाले यालाच ‘पत्ती की खाद’ म्हणून छोट्या पिशव्यांत विकतात. त्यातली काही जंगलातल्या झाडाखालून खरवडून आणलेली असते, आणि तिथल्या झाडांना ती हवी असते, म्हणून मी ती घेत नाही. जे वर राहतं, अर्धवट कुजलेलं, ते वाया जात नाही. ते ठेवायचं आणि पुढच्या मे महिन्यात कुंड्यांवर आच्छादन म्हणून दोन बोटं जाड पसरायचं. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं. मोगऱ्याच्या कुंडीला तर मी ते न चुकता घालते.

त्या मोगऱ्यावरूनच यंदा वहिनींनी विषय काढला. इतकी वर्षं त्या भिंतीवरून बदामाची पानं आमच्याकडे ढकलताना “घ्या तुमचं सोनं” असं हसून म्हणायच्या. सिमेंटची पोती बघून “घराचं काम काढलंत की काय?” असं आल्यागेल्यासमोर विचारायच्या. या वेळी आपल्या मोगऱ्याची कुंडी घेऊन आल्या. माती वीट झालेली, कडेने बोटभर फट. “वहिनी, ते तुमचं काळं खत जरा द्या बघू.”

देते म्हटलं, पण फुकट नाही. पानं त्यांची, तेव्हा यंदापासून भिजवायचं आणि भरायचं काम त्यांच्याकडे. बदामाची पानं त्यांनी स्वतःच्या फाटकात, स्वतःच्या गाडीखाली पसरायची, चुरा झाला की टबात बुडवायची आणि पोती भरून माझ्या बोळात ठेवायची. बोळ माझा, सावली माझी, पावसात ओढणं माझ्या मुलाचं. बदल्यात दिवाळीनंतर चाळलेलं खत एक पाटी. वहिनी मूळच्या देवासच्या, घासाघीस त्यांच्या रक्तातच. त्यांनी दोन पाट्या मागितल्या. बदामाला दोन पावसाळे लागतात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग पहिल्या वर्षी कडुनिंबाचं द्या. दीड पाटीवर सौदा पटला.